उतारावर ब्रेक दगा देतो तेव्हा

नोव्हेंबरची अखेर जवळ आली की बेळगाव, खानापूर व चंदगडकडील आपल्या कुटुंबांत गोव्यास जाण्याची तयारी सुरू होते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. त्यापूर्वीच्या नोव्हेनाच्या दिवसांतही भाड्याच्या जीपा, टेंपो आणि घरच्या लहान मोटारी भरभरून घाट उतरू लागतात. कोणी जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटाने जातो, कोणी लोंढ्याहून अनमोडने मोल्याला उतरतो, तर सावंतवाडीकडे आप्त असणारे आंबोलीची वाट धरतात. एका वाचक भगिनीने या निमित्ताने एक प्रश्न पाठविला आहे. गाडीचे ब्रेक ‘फेल’ होतात असे आपण नेहमी ऐकतो. ते का होतात, आणि ज्याला गाडी चालविता येत नाही अशा मागे बसलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? प्रश्न मोलाचा आहे. आजचे सदर आम्ही त्याच विषयास देत आहोत.

प्रथम ब्रेक म्हणजे काय हे नीट समजून घेऊ. पुष्कळांची अशी समजूत असते की ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकतो. वस्तुतः वेग कोठेही नाहीसा होत नाही; त्याची उष्णता होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर किंवा ड्रमवर घर्षणाचा पट्टा दाबला जातो, दोन्ही तापतात, आणि ती उष्णता वाऱ्यावर जाते. सपाट रस्त्यावर एकदा गाडी थांबविली तर हे तापणे क्षुल्लक असते. घाटात मात्र हिशेब बदलतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे आणि आपल्याला उतरून जावयाचे असते ते जवळजवळ समुद्रकाठाला. माणसांसकट बाराशे किलो वजनाची एक लहान मोटार पाचशे मीटर खाली उतरते असे धरा. तिचा सर्व भार केवळ ब्रेकांवर तोलला, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने अठरा-एकोणीस लिटर गार पाण्यास उकळी येईल. घरातील न्हाणीचा हंडा डोळ्यांसमोर आणावा. एवढी आच चार चाकांतील तळहाताएवढ्या पट्ट्यांनी सोसावयाची असते. यातील काही भार वारा व इंजिन उचलतात हे खरे. किती उचलतात ते मात्र चालकाच्या हाती असते, आणि आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

वेगाविषयीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेकांवरील काम दुप्पट होत नाही, चौपट होते. तासी ऐंशी किलोमीटरने धावणारी गाडी थांबविताना चाळीसच्या चौपट उष्णता उत्पन्न होते. वळणापूर्वी वेग कमी करण्यास सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस आपण भित्रे म्हणतो, पण गणित त्यांच्या बाजूचे आहे.

आता पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो कसा ते पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातील दट्ट्या पुढे सरकतो आणि बारीक नळ्यांत भरलेल्या तेलावर दाब पडतो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल या विद्वानाने सतराव्या शतकात मांडला. पास्कलचे धर्मविषयक लेखन आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, परंतु आपण रोज ज्या एस.टी.समोरून अथवा मोटारीसमोरून निर्धास्तपणे रस्ता ओलांडतो ती वेळेवर थांबते यातही त्याच्या अभ्यासाचा वाटा आहे, हे थोड्यांच्या ध्यानी येते. मोठ्या बसमध्ये व मालट्रकमध्ये तेलाच्या जागी दाबलेली हवा हे काम करते. त्यांचा प्रकार थोडा निराळा असल्याने त्याविषयी पुढे सांगू.

लोक ज्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात ते वास्तविक खनिज तेल नव्हे. तो एक रासायनिक द्रव आहे आणि त्याचा एक मोठा अवगुण असा की तो हवेतील ओलावा शोषून घेतो. कोरड्या मिठाच्या बरणीचे पावसाळ्यात काय होते हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. त्याच जातीची ही गोष्ट आहे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा डॉट ३ प्रतीचा द्रव नवा असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तोच ओलावा शोषून जुना झाला की ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास येऊ शकते. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. म्हणजे घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत, कोणी हातही न लावता, ब्रेकांची सहनशक्ती वर्षागणिक घटत असते. म्हणूनच हा द्रव साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावा असे सांगतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत नेमकी मुदत व प्रत दिलेली असते, ती पाहावी. आमच्या पाहण्यात असे आहे की इंजिनचे ऑइल बदलण्याविषयी जो मनुष्य अत्यंत दक्ष असतो, तोच ब्रेक ऑइलची बाटली केवळ भरलेली दिसली की समाधान मानतो.

असा जुना द्रव घाटात तापून उकळला म्हणजे नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पेडलवर पडतो, पेडल कापसात शिरावे तसे आत जाते, आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. यात आणखी एक फसवणूक आहे. अर्ध्या-पाऊण तासाने सर्व थंड झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागू लागतो. गॅरेजमधला मिस्त्री तपासून म्हणतो, ‘मालक, यात तर काहीच बिघाड नाही.’ आणि घरची मंडळी पुढच्या खेपेस त्याच गाडीत बसतात.

दुसरा प्रकार याहून भिन्न आहे. तेल ठीक असते, पेडल कठीणही लागते, पण गाडी आवरत नाही. येथे पट्टे अतिशय तापून त्यांची पकड सुटलेली असते. जळक्या रबरासारखा उग्र वास येतो, तो याच वेळी. आम्ही वाचकांस आग्रहाने सांगू इच्छितो की हा वास म्हणजे शेवटची सूचना समजावी. मागच्या बाकावर बसलेल्या बायामाणसांस तो वास पुष्कळदा चालकाच्या आधी येतो, परंतु भिडेखातर कोणी बोलत नाही. पेडल कठीण होऊन जोर लागेनासा होण्याचे आणखीही एक कारण असते. आजकालच्या मोटारींत पायाचा जोर वाढविणारा बूस्टर असतो आणि तो बहुधा इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद पडले की एक-दोन वेळा ब्रेक नेहमीप्रमाणे लागतो, मग पेडल दगडासारखे होते. तेव्हाही ब्रेक गेलेला नसतो. दोन्ही पायांचे बळ लावावे लागते इतकेच.

पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसत जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजले आहेत असे बहुधा समजावे. लाल दिव्याशी गाडी उभी असताना पाय दाबून पाहिल्यास हा दोष घरबसल्या कळण्यासारखा आहे. पेडल एकाएकी तळाला गेले तर कोठेतरी नळी फुटून तेल सांडले आहे. उभ्या गाडीच्या चाकाच्या आतील बाजूस किंवा खाली जमिनीवर ओला डाग दिसतो का, हे सकाळी अंगण झाडताना कोणालाही पाहता येईल. शिवाय उंदीरही नळ्या कुरतडतात. गवताच्या गंजीशेजारी गाडी ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

येथे एक धीराची गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या काळी सर्व चाकांस जाणाऱ्या तेलाची वाट एकच असे. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. आता तसे नाही. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र वाटा असणे कायद्याने आवश्यक झाले आणि पुढे ती पद्धत जगभर रूढ झाली. एक वाट फुटली तरी दुसरी दोन चाकांना आवरते. पेडल नेहमीपेक्षा पुष्कळ खाली जाते, गाडी थांबण्यास अंतर अधिक लागते, परंतु थांबते. पेडल खाली गेले म्हणून घाबरून पाय काढून घेणारा मनुष्य हाती उरलेला अर्धा ब्रेकही सोडून देतो.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ए.बी.एस. ही व्यवस्था सक्तीची आहे. जोराने ब्रेक दाबला असता चाके जागीच जखडून गाडी घसरू नये म्हणून ती दाब क्षणोक्षणी सोडते व धरते. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरते, खरखर आवाज येतो. हे ब्रेक बिघडल्याचे चिन्ह नसून तो काम करीत असल्याचे चिन्ह आहे. पाय तसाच दाबून धरावा.

आता ज्या खोडीमुळे घाटात सर्वांत जास्त संकट ओढवते तिच्याकडे वळू. उतार लागला की गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडावयाची, काही तर इंजिनच बंद करावयाचे, आणि म्हणावयाचे की डिझेल वाचले. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ एका मालट्रकने उतारावरून येऊन अनेक वाहनांस इजा पोहोचविली. हा तोच महामार्ग आहे जो पुढे बेळगावावरून जातो. ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याचे प्रारंभी सर्वत्र बोलले गेले. तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांच्या आड माणसाची किती करणी लपते याचे हे उदाहरण आहे.

या काटकसरीत पैसाही वाचत नाही हे अधिक खेदाचे. आजकालच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो; चाकेच इंजिनला फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यास थोडे इंधन जळतच राहते. म्हणजे गिअरमध्ये उतरणाराच इंधन वाचवितो आणि शिवाय इंजिनचा रोध त्याच्या ब्रेकांचे अर्धे ओझे उचलतो. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. ब्रेकवर पाय सतत चोळीत ठेवू नये. वेग वाढला की नीट दाबून कमी करावा, मग पाय पूर्ण उचलून पट्ट्यांस वारा लागू द्यावा.

रेल्वेचे लोक या बाबतीत आपल्याहून शहाणे आहेत. कॅसलरॉकपासून कुळेपर्यंतच्या घाटात रुळांचा उतार ३७ मीटरांस १ मीटर इतका तीव्र आहे. तेथे ब्रेकांची तपासणी केल्यावाचून गाडी खाली सोडीत नाहीत. शिवाय घाटांत मुख्य रुळापासून फुटून चढावावर जाणारी, पुढे वाळूत संपणारी एक आडवाट केलेली असते. गाडी ताब्यात असल्याची खात्री पटेपर्यंत सांधा त्या वाटेकडेच लावलेला असतो. लोंढ्याकडील आपल्या अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी रेल्वेत नोकरी केली आहे. त्यांना विचारल्यास ते अधिक तपशिलाने सांगतील. मोटार चालविणाऱ्यास असा सांधा कोणी लावून देत नाही. आपली आडवाट त्याने स्वतःच डोळ्यांनी शोधीत जावे लागते.

ती वेळ आलीच तर काय करावे? पहिली गोष्ट, किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. बूस्टरचे बळ जाते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग जागीच अडकते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीचे बटणही दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पेडल भराभर पुष्कळ वेळा दाबावे. तेलात हवा किंवा वाफ असेल, वा कप झिजले असतील, तर अशा दाबण्याने काही दाब पुन्हा जमतो; जमला की तो सोडू नये. त्याच क्षणी पायाखाली नजर टाकावी. पाण्याची बाटली घरंगळत पेडलखाली जाऊन बसणे किंवा पायपुसणे सरकून अडकणे, एवढ्या क्षुद्र कारणानेही ब्रेक लागत नाही. खाली हात घालण्यास चालकाने वाकू नये, शेजारच्याने काढावे.

त्याच वेळी गिअर एकेक करून उतरवावा, चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. एकदम पहिला घालू पाहिल्यास तो बहुधा पडत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकली तर सर्वच गेले. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत दांडा खालच्या गिअरकडे आणावा. हातब्रेक मागच्या चाकांवर निराळ्या तारेने लागतो, म्हणून तेलाचा ब्रेक गेला तरी तो शाबूत असतो. परंतु तो एका झटक्यात ओढल्यास मागची चाके जखडून गाडी आडवी फिरते. दांड्याचे बटण दाबलेलेच ठेवून थोडा ओढावा, थोडा सोडावा, पुन्हा ओढावा. दांड्याऐवजी विजेचे बटण असलेल्या गाड्यांत ते बहुधा सतत धरून ठेवावे लागते. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेतून आधीच वाचून ठेवावी.

हॉर्न सोडू नये, दिवे लावावेत. समोरून येणाऱ्यास आपले संकट कळलेच पाहिजे. एवढ्यानेही गाडी आवरत नसेल तर दरीची बाजू सोडून डोंगराची बाजू धरावी. चढावाची फुटवाट, मोकळे शेत, वाळूचा ढीग, दाट झुडपे, जे मिळेल ते आपले. काहीच नसेल तर डोंगराच्या मातीला किंवा कठड्याला गाडीची कूस हळूहळू घाशीत न्यावी. पत्रा चेपेल, आरसा तुटेल. तो खर्च कोणीही आनंदाने सोसावा. झाडावर किंवा समोरच्या वाहनावर सरळ आदळणे आणि कुशीने घासणे यांत जीव जाणे व जीव वाचणे इतके अंतर आहे. चालत्या गाडीतून कोणीही उडी टाकू नये. मुलांस तर मुळीच बाहेर ढकलू नये, मग मन कितीही म्हणो. पट्टा बांधून आत बसलेला मनुष्य बाहेर पडलेल्यापेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित असतो.

मोठ्या बसविषयी व मालट्रकविषयी राहिलेली गोष्ट येथेच सांगतो. हवेच्या ब्रेकावर पेडल भराभर दाबणे उलट घातक आहे, कारण प्रत्येक दाबण्यासरशी टाकीतील हवा खर्च होते. हवेचा दाब फारच उतरला तर पुष्कळ वाहनांत स्प्रिंगच्या जोराने मागचे ब्रेक आपोआप बसतात, अशी रचना असते. तापलेल्या पट्ट्यांची पकड सुटणे मात्र त्यांनाही चुकत नाही; किंबहुना त्यांच्या वजनामुळे अधिकच होते. म्हणून घाटात मालट्रकच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे चिकटून राहू नये.

आता आमच्या वाचक भगिनीच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. मागे बसणाऱ्याने संकटाच्या क्षणी करावयाचे थोडेच असते: आरडाओरडा न करणे, मुलांचे पट्टे बांधलेले पाहणे, पेडलखालची वस्तू काढण्यास मदत करणे. निघण्यापूर्वी मात्र त्याच्या हाती पुष्कळ असते. दहा माणसांच्या जीपेत सोळा माणसे व वर भांडी, गाद्या भरल्या की प्रत्येक किलोची उष्णता त्याच ब्रेकांना सोसावी लागते; तेव्हा दोन गाड्या कराव्यात. भाड्याचा सौदा करताना, ‘मामा, ब्रेक ऑइल केव्हा बदललंत? लायनर पाहिलेत का?’ हे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. डॅशबोर्डवर संत क्रिस्तोफरचे चित्र पुष्कळ गाड्यांत असते आणि ते असावेच. पण बॉनेट उघडून तेलाची बाटलीही पाहावी. तीवर किमान व कमाल अशा दोन रेघा असतात, त्यांच्यामध्ये तेल आहे की नाही एवढे शाळकरी मूलही सांगू शकेल. तेल वरचेवर कमी होत असेल तर नुसते वर भरून निघू नये. एकतर ते गळते आहे, नाहीतर पट्टे झिजत आले आहेत. आणि घाटात चालकाने गिअर काढल्याचे जाणवले, इंजिनचा आवाज एकाएकी मंद होऊन गाडी सैल धावू लागली, तर घरातील वडील माणसाने शांतपणे सांगावे, ‘मामा, गिअरमध्ये घ्या. डिझेलचे पैसे आम्ही वेगळे देऊ.’ रागाने किंवा धाकाने म्हटलेले चालक ऐकत नाहीत. असे म्हटलेले बहुधा ऐकतात.

ओढा किंवा रस्त्यावर साचलेले पाणी ओलांडल्यानंतर ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक काही काळ ढिला लागतो. मागेपुढे कोणी नाही असे पाहून सावकाश चालता चालता पेडल हलके दाबीत राहिल्यास पट्टे कोरडे होतात.

गाडी थांबल्यावर प्रथम चाकांखाली मोठे दगड लावावेत, मगच माणसे डोंगराच्या बाजूने उतरवावीत आणि वळणामागे काही अंतरावर कोणीतरी उभे राहून येणाऱ्यांस सावध करावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. लोखंड तडकते, वाफेने हात भाजतो. कोणी जखमी असल्यास १०८ वर रुग्णवाहिका मागवावी, इतर मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांक आहे. घाटात मोबाइलला सर्वत्र रेंज नसते, म्हणून एखादी जाणारी गाडी थांबवून खालच्या नाक्यावर निरोप द्यावा. थोड्या वेळाने ब्रेक लागू लागला तरी त्या गाडीने पुढे जाऊ नये. ती ओढून गॅरेजला न्यावी, आणि मिस्त्रीस केवळ ‘ब्रेक पाहा’ असे न सांगता पेडल कसे लागत होते, मऊ की कठीण, वास येत होता की नाही, हे सांगावे. जुने तेल काढून नवे घालण्यास व नळ्यांतील हवा काढण्यास त्याला फार वेळ लागत नाही.

पुढील आठवड्यात टायरांविषयी आलेल्या दोन पत्रांचा विचार करू.